आबांनी न भरलेला दंड

अख्ख्या नगर जिल्ह्यात तुरुंगात जाण्यासाठी एवढी खटपट केलेला आणि तरीही बाहेरच राहिलेला माणूस एकच आहे, आणि तो आमच्या ताईचा सासरा आहे. काष्टीत त्यांना सगळे आबा म्हणतात. लग्नपत्रिकेत छापलेल्या वेळेला लग्न लागलं नाही, तर आबा नवरदेवाची वाट न बघता मांडवाच्या दिशेने अक्षता टाकतात आणि पहिल्या पंगतीला जाऊन बसतात. ताईच्या लग्नातही त्यांनी हेच केलं, आणि तेव्हा नवरदेव त्यांचाच मुलगा होता. बाजारात स्वतःचा बैल विकायला नेला, तर गिऱ्हाइकाने दात बघायच्या आत सांगणार, "डाव्या अंगानं जाऊ नका, लाथ घालतो." बैल अर्थातच त्यांच्याबरोबर घरी परत यायचा.

अशा माणसाने गुन्हा केला तोही उघड्यावर, भर रस्त्यात. उसाचा हंगाम होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून शाळेसमोरून सुसाट जायचे. आबांनी ड्रायव्हरांना हात जोडून सांगितलं, ग्रामपंचायतीत ओरडून सांगितलं. शेवटी एक दिवस शाळा सुटायच्या वेळेला घरातली बाज नेऊन रस्त्याच्या मधोमध टाकली आणि तोंडावर टोपी घेऊन आडवे झाले. ट्रॅक्टरची रांग गावाबाहेर गेली. रस्ता अडवल्याचा खटला झाला. श्रीगोंद्याच्या कोर्टात आबांनी सगळं कबूल केलं. वर हेही सांगितलं, की गरज पडली तर पुन्हा झोपेन. कोर्टाने मुदत देऊन दंड ठोठावला, न भरल्यास सात दिवस साधी कैद.

दंड तसा किरकोळ होता. भावोजींनी खिशात हात घातला, तर आबांनी कोर्टाच्या आवारातच त्यांचं मनगट धरलं. "दंड भरला म्हंजी चुकलो. मी चुकलो न्हाई. मी आत जानार." मी वयाची आठवण करून दिली. "पाव्हनं," ते मला म्हणाले, "मी आत गेलो तरच त्या ट्रॅक्टरवाल्यांना कळंल, म्हातारा कशापायी आत गेला ते." मला त्या क्षणी त्यांचा भयंकर अभिमान वाटला आणि तेवढीच काळजीही.

मुदत संपली त्या दिवशी आबा पिशवी भरून कोर्टात हजर. पिशवीत धोतर, शुगरच्या गोळ्या आणि ताईच्या सासूबाईंनी डोळे पुसत वळलेले शेंगदाण्याचे लाडू, जे त्या गोळ्यांबरोबर का दिले हे त्यांनाच माहीत. कारकून म्हणाला, "आबा, असं लगेच आत घेत न्हाईत. आधी जप्ती. सामान विकून दंड वसूल झाला न्हाई, तर मग कैद."

जप्तीला हवालदार आला. घर-जमीन थोरल्या मुलाच्या नावावर, म्हशी सासूबाईंच्या, आणि तो लाथ घालणारा बैल कधीच म्हातारा होऊन गेलेला. आबांचं म्हणावं असं एकच, ते म्हणजे जुनी सायकल. आबांनी हवालदाराला चहा पाजला आणि पंच म्हणून शेजारचे दोघे स्वतःच बोलावून आणले. त्यांचा हिशेब पक्का होता. भंगार सायकलीला येऊन येऊन किती येणार? दंड फिटत नाही, आणि आपण आत.

लिलाव बाजाराच्या दिवशी चावडीसमोर झाला. चहावाल्या रशीदभाईंनी पहिली बोली लावली, तीच भंगाराच्या दुप्पट.

"रशीदभाई, ब्रेक न्हाई तिला," आबा म्हणाले.

शाळेतल्या एका मुलीच्या बापाने बोली वाढवली.

"आरं, मागचं चाक वाकडं हाय. चैन रोज पडती."

बोली आणखी वाढली. हवालदार वैतागला. "आबा, गप बसा. सरकारी कामात अडथळा येतोय."

"मग त्यापायी तरी आत घ्या."

गावाने गुपचूप वर्गणी काढली होती. रशीदभाईंनी बोली बरोबर दंडाच्या रकमेवर आणून थांबवली. लोकांनी पेढे वाटले, सायकल परत आबांच्या ओट्याला लावली. आबांनी पेढा घेतला नाही. "कोर्टापुढं मी मान झुकवली नव्हती," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते श्रीगोंद्याला जाऊन पैसे परत करा आणि मला आत घ्या म्हणून भांडून आले. प्रकरण बंद झालं होतं. मला गावाचा अजून राग येतो, आणि तो नीट धरताही येत नाही, कारण सगळ्यांनी मायेनेच केलं होतं. ट्रॅक्टर मात्र तसेच सुसाट जातात.

परवा आबा डोळे तपासायला नगरला, सावेडीत माझ्याकडे आले होते. दवाखान्यातून परतताना म्हणाले, "जेल कुठं हाय ते लांबून दाखवा." मी स्कूटर तिकडे वळवली. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून ते बराच वेळ त्या उंच भिंतीकडे बघत राहिले.

"आत गेलो असतो तर लोकांनी इचारलं असतं, का गेला म्हनून," ते म्हणाले. "आता कोन इचारतंय."

मी विचारतोय ना आबा, असं मी म्हणालो. पण तोवर मी हेल्मेट घातलं होतं, आणि ते मागे बसून दुसरीकडे बघत होते.