पुंडलिकच्या घरची कॉइल

गिझरात क्षार साचतो ना, तसे आमच्या दुकानात किस्से साचतात. बाहेरून टाकी चकाचक, ठोकून पाहिली की आत खडखड!

दारव्ह्यात आमचं तिघांचं दुकान आहे. मी नामदेव, पाइपवाला. शिक्षण सातवी, आणि त्यातही सहावीच्या मास्तरांनी हात टेकले म्हणून वर ढकललेला. गफ्फारभाई वायरिंगवाला. पुंडलिक गिझरवाला. तिघांत मिळून अक्कल एकच, सकाळी ज्याच्या हाती लागेल त्यानं दिवसभर वापरायची.

किस्से बहुतेक पुंडलिकचे. कारण अख्ख्या तालुक्याला गरम पाण्यानं न्हाऊ घालणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरी नळाला गरम पाणी नव्हतं! त्याची बायको सुमनवहिनी चुलीवर गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी तापवायची आणि तो गंज उचलून मोरीपर्यंत न्यायची. एका हिवाळ्यात गंज हातातून निसटला. उकळतं पाणी पायावर! कितीतरी दिवस बिचारीला चप्पल घालता आली नाही.

त्या दिवशी पुंडलिकनं दुकानात येऊन पाना आपटला.

"नामाभाऊ, सुमनले आता गंज उचलू देनार नाई. घरच्या नळाले गरम पानी आनतोच!"

घरी जाऊन वहिनीला म्हणाला, "दिवाळीले गिझर लागते."

वहिनी म्हणाली, "कोनत्या दिवाळीले? साल बी सांगा!"

* * *

गडी जिद्दीचा. कोण्या गिराइकानं टाकून दिलेली टाकी आणली, घासली, रंगवली, पाणी तापवणारी नवी कॉइल बसवली आणि खरंच दिवाळीच्या आधी गिझर भिंतीवर चढवला. वहिनीनं त्याला हळदकुंकू लावलं. गफ्फारभाईनं पेढा खाल्ला.

पण पुंडलिकचा एक नियम आहे. गिराइकाला 'उद्या या' म्हणायचं नाही! आता दारव्ह्यात कॉइल संपली की ती यवतमाळहून आणावी लागते, आणि गिराइक तर टॉवेल गुंडाळून उभं. मग पुंडलिक काय करतो? घरी जातो, स्वतःच्या गिझरची कॉइल काढतो आणि गिराइकाला लावून देतो!

पहिला नंबर लागला एका गुरुजींचा. त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते आणि ऐन सकाळी गिझर बंद पडला. कॉइलवर क्षाराचा असा थर, जणू मक्याचं कणीस! पुंडलिकनं घरची कॉइल नेऊन लावली. पोरगी न्हाली, पाहुणे आले, पसंती झाली.

इकडे वहिनीनं केसांना शिकेकाई चोळून डोळे मिटून नळ सोडला. नळ म्हणाला, "फुस्स!"

संध्याकाळी पुंडलिक पेढे घेऊन घरी. "अवं, गुरुजीच्या पोरीचं जमलं!"

डोक्याला फडकं बांधून बसलेली वहिनी म्हणाली, "जमनारच. तिचे केस धुतले ना माह्या कॉइलनं!"

* * *

यवतमाळहून आणलेली दुसरी कॉइल घरात टिकली. पण मग एका साहेबांचा फोन आला. गच्चीवर सोलर, कडक ऊन, तरी पाणी गार.

पुंडलिक दोनदा जाऊन आला. पाइप पाहिले, वॉल्व्ह पाहिला, गच्चीला कान लावून बसला. काही सापडेना. मी म्हणालो, "पुंडलिका, सूर्यच बदलून पाह्य."

चिडला. तिसऱ्यांदा गेला तो भर दुपारी, मला घेऊन. वर चढतो तर काय! सोलरच्या नळ्यांवर साहेबांच्या आईनं पांढरं धोतर अंथरलेलं आणि त्यावर मुगाच्या वड्या! सकाळी वड्या घालायच्या, संध्याकाळी गोळा करायच्या. पुंडलिक आजवर जायचा ते सकाळी लवकर किंवा अंधार पडताना.

"आजी, हे काय करून राह्यल्या?"

"वड्या वाळू घालून राह्यली, बापा. पोरानं मोठं महाग मशीन आनलं. उनाले तोंड करून हाय, खाली हवा खेळते. गावात असं वाळवन कोनाकडं नाई!"

साहेबांना आईचं मन मोडवेना. पुंडलिकलाही मोडवेना. त्यानं निर्णय दिला, "वड्या वाळू द्या."

आणि तोवर साहेबांनी आंघोळ कशानं करायची? पुंडलिकच्या घरचा गिझर या वेळी टाकीसकट गेला!

आजीनं वहिनीसाठी वड्यांचा डबा पाठवला. वहिनीनं त्या परतल्या, पुंडलिकला वाढल्या आणि म्हणाली, "खा. माह्या आंघोळीच्या वड्या हायेत."

* * *

गिझर परत आल्यावर वहिनीनं त्याला सायकलची साखळी गुंडाळून कुलूप लावलं. किल्ली मंगळसूत्रात.

मी मुद्दाम पाहायला गेलो. म्हटलं, "वहिनी, बँकेची तिजोरी हाय हे!"

आठ दिवस तिजोरी शाबूत. मग एका सकाळी नळ पुन्हा "फुस्स!" वहिनीनं साखळी ओढून पाहिली. पक्की. टाकी जागेवर. गफ्फारभाईला वायर तपासायला बोलावलं. त्यानं खालून वाकून पाहिलं आणि दाढी खाजवली.

"भाभी, ताला बराबर है. टंकी बराबर है. बस, नीचे का चोर दरवाजा खुला रह गया!"

कॉइल खालून निघते, हे वहिनीला कोणी सांगितलंच नव्हतं. ही कॉइल एका म्हाताऱ्या दमेकऱ्याच्या गिझरात गेली होती.

वहिनी त्या दिवशी रागावली नाही. गुपचूप चूल पेटवली आणि गंज उचलला. ते पाहून पुंडलिक दुकानात येऊन कोपऱ्यात बसला. चहा गार झाला तरी प्याला नाही. त्याला चिडवायला माझी जीभ वळवळत होती, पण नाही उचलली.

* * *

जीभ नाही उचलली, पण फोन उचलला! वहिनीशी खलबत करून दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागं गेलो आणि मागून घेतलेल्या फोनवरून, नाक दाबून पुंडलिकला फोन लावला.

"मिस्त्री, आमच्या बाईमानसाचा पाय भाजला हाय आन नळाले गरम पानी नाई. गिराइकाले 'उद्या' म्हनत नाई म्हने तुम्ही?"

"बिलकुल नाई! पत्ता सांगा."

मी त्याच्याच गल्लीचा पत्ता दिला, घराच्या खुणेसकट. मोटारसायकलला किक मारून, यवतमाळहून त्याच सकाळी आलेली कॉइल घेऊन पुंडलिक निघाला. स्वतःच्याच दारात थांबला तेव्हा त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. गफ्फारभाई आणि मी बोळातून आधीच पोचून लिंबाच्या झाडामागं.

वहिनी दारात पदर खोचून उभी. "या मिस्त्री. पयले चहा घेता का काम करता?"

पुंडलिकनं क्षणभर तिच्या पायाकडं पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली.

"पयले काम, बाई. याच्या आधी कोन मेकॅनिक येत होता तुमच्याकडं?"

"होता एक. दुरुस्तीले ये आन सामान घेऊन जाय!"

"असे लोक ठेवत जाऊ नका."

"ठेवला हाय खरा. चांगला हाय मानूस. फक्त दुसऱ्याच्या घरी!"

कॉइल बसली. नळातून वाफ निघाली.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी चहाच्या निमित्तानं गेलो. खरं तर कॉइलनं रात्र काढली की नाही ते पाहायला. वहिनी आंघोळीला गेलेली, आत नळ धो धो. पुंडलिक बाहेर असा बसलेला, जणू धरणाचं उद्घाटन केलं!

तेवढ्यात समोरच्या काकू धावत आल्या. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, घरात तान्हं बाळ.

"पुंडलिकभाऊ, आमचा गिझर गेला, बाप्पा! गॅस बी संपला. लेकरू न्हाऊ घालाचं हाय, गारठून राह्यलं!"

पुंडलिकनं काकूंकडं पाहिलं. मोरीच्या दाराकडं पाहिलं. हात आपोआप पान्याकडं गेला.

आतून कडीचा आवाज आला. वरची कडी. मग खालची.

"सुमन," पुंडलिक दाराशी जाऊन हळू म्हणाला, "काकूचं लेकरू..."

"आइकलं मी. कॉइल हालनार नाई!"

"अवं, बारकं लेकरू हाय ते!"

नळ बंद झाला. मग साडी सावरत वहिनीनं दोन्ही कड्या काढल्या.

"काकू, लेकराले अठी घेऊन या. तेल बी आना."

बाळ आलं. वहिनी पाटावर पाय लांब करून बसली, बाळाला पायांवर पालथं घेतलं आणि पुन्हा नळ सोडला. पाठीवर गरम पाण्याची धार पडली तसं ते रडायचं थांबलं.

पुंडलिक पाना घेऊन दारातच उभा. "मंग काकूच्या गिझरचं मी काय करू?"

वहिनीनं मानही वर केली नाही.

"यवतमाळची गाडी उभी असंल. धावा!"