कोल्हिणीला दिलेली हाक

कोल्हीण पहिल्यांदा मीच पाहिली आणि मी किंचाळले नाही, हे मी अजून शेखी मिरवत सांगते. पुढे मी जे केलं ते सांगताना मात्र माझा आवाज खाली येतो.

मी मूळची वसईची, राहते आखातात, करामाला, आणि शहरापासून तासाभरावरच्या वाळवंटातल्या एका रिसॉर्टमध्ये पाहुण्यांची सरबराई बघते. फेब्रुवारी संपत आला होता. संध्याकाळी किचनमागच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी ती उभी होती. मोठाले कान, काटकुळे पाय, दुधाने ओथंबलेली आचळं. आणि गळ्यात पिवळी प्लास्टिकची पट्टी, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्याला आवळलेली असते ती. आमच्याच किचनमधून न कापता फेकलेली. खायच्या नादात हिने त्यात मुंडी घातली असणार. आता पट्टी मांसात रुतली होती.

मी काढलेला फोटो जनावरांच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, दहाबारा दिवसांत हिला गिळता येणार नाही. ती गेली की बिळातली पिल्लंही गेली.

इथे रानातल्या जनावराला हात लावायचा तरी सरकारची परवानगी लागते, शिकारीचं तर नावच नको. परवानगी आली आणि तिच्यामागून जनावरं धरणारे चाचा आले. साठीचे, रायगडकडचे, अर्धं आयुष्य इथल्या वाळूत घालवलेले. मी मराठी बोलते म्हटल्यावर दुसऱ्या वाक्याला त्यांनी मला लेकीसारखं 'बाय' म्हटलं. त्यांच्याकडे एक हिरवा भोंगा होता आणि त्याचा रिमोट. आत शेकडो आवाज भरलेले. अमेरिकेत म्हणे कायोटी नावाचं कोल्ह्यासारखं जनावर या आवाजांनी बोलावून त्याला गोळी घालतात. चाचा म्हणाले, मशीन तेच, गोळी आपली नाही.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. भोंगा झुडपात. त्याच्या अलीकडे वाळूखाली पुरलेलं जाळं, दोरी ओढली की उलटून अंगावर पडणारं. आम्ही तीस पावलांवर, सूर्य पाठीशी घेऊन. मग घायाळ सशाचा आवाज, हळू, जेमतेम वीस सेकंद. नंतर शांतता. मला वाटलं, मशीन बंद पडलं. पण चाचा पाव तास पापणीसुद्धा हलवत नव्हते. खरा ससा काय गाण्याच्या प्रोग्रॅमसारखा ओरडत बसतो का, असं त्यांनी मला नंतर समजावलं. आवाज कमी आणि वाट जास्त, एवढीच त्यांची विद्या. मी पाहुण्यांशी दिवसभर बडबडणारी बाई. मला त्या गप्प बसण्याचं फार कौतुक वाटलं.

कोल्हीण आली. सरळ नाही, लांबून वळसा घेत, वाऱ्यावर वास काढत. जाळ्यापासून चार हातांवर असताना वारा फिरला आणि आमचा वास लागून ती थबकली. चाचांनी दोरी सोडून दिली. ओढून चुकली असती तर ती पुन्हा कधी आली नसती. दोन दिवस तिला विसरू द्यायचं असं ठरवून, भोंगा माझ्या ऑफिसच्या कपाटात ठेवून ते गेले. हात लावू नकोस, इतकंच बजावलं.

मी हात लावला.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या ग्रुपला 'काहीतरी खरं वाळवंटातलं' बघायचं होतं. पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही, हे आमच्या धंद्यात हाडात मुरलेलं असतं. मी सगळ्यांना गच्चीवर बसवलं, सरबत दिलं आणि रिमोट दाबला. ती आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वेबसाइटवर पाच तारे मिळाले, तेही माझ्या नावानिशी. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ग्रुपसाठी मी तोच खेळ केला. ती अर्ध्या वाटेवर बसली, भोंग्याकडे बघितलं आणि निघून गेली.

चाचा परतले. ससा ओरडला, कोंबडी ओरडली, उंदीर ओरडला. वाळूवर एक पाऊल उमटलं नाही. त्यांनी सापळा म्हणून लावलेल्या पिंजऱ्यातलं चिकनही जसंच्या तसं राहिलं. असे तीन दिवस गेले, तेव्हा कुठे मी कबूल केलं. त्यांनी आवाज चढवला नाही. "ठीक आहे, मॅडम," एवढंच म्हणाले. त्या 'मॅडम'ने मला जेवण गेलं नाही.

दहावा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळी ती डब्यांपाशी दिसली होती. पाणी पिताना सारखी मान झटकत होती आणि तोंडातलं पाणी खाली सांडत होतं; आमची चाहूल लागताच पळाली. डॉक्टर गाडी घेऊन पहाटेच आले होते. चाचा फजरची नमाज आटपून माझ्याशेजारी येऊन बसले आणि बराच वेळ रिमोटकडे बघत राहिले. मशीनमध्ये अजून एक आवाज होता, तो त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही वापरला नव्हता. संकटात सापडलेल्या पिल्लाचा. त्याला ती येणारच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो त्यांना नको होता.

"भुकेल्याला फसवलं तर तो एक वेळ उपाशी जातो," ते म्हणाले. "हे त्यातलं नाय, बाय. पण पट्टी काढायचीच आहे."

दोरीला त्यांचे दोन्ही हात लागणार होते. रिमोट त्यांनी माझ्या हातात दिला. दहा सेकंद, एकदाच, असं सांगितलं.

मी दाबला. केविलवाणा, चिरका आवाज, तान्ह्या मुलाचा वाटावा असा. सहा झाले, सात झाले, आणि समोरच्या टेकाडावरून ती खाली आली. वळसा नाही, वास नाही, थांबणं नाही. उघड्यावर, उजेडात, आम्ही दिसत असताना सरळ धावत. चाचांनी दोरी ओढली.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. चाचांनी तिच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला आणि तिचं अंग गुडघ्यांमध्ये असं धरलं की ती सुटूही नये आणि तिला दुखूही नये. डॉक्टरांनी कात्री सरकवली, पट्टी तुटली. जखम धुतली, सुई टोचली. एवढ्या वेळात चाचा तिच्याशी काहीतरी पुटपुटत होते, ते मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी टॉवेल उचलला.

ती दहा पावलं उड्या मारत गेली, तिने अंग झटकलं. आम्हाला वाटलं, आता टेकाडापलीकडे जाईल. डॉक्टर हसत म्हणाले, "खलास, यल्ला, चलो." पण ती गेली नाही. ती मागे फिरली आणि भोंग्याच्या झुडपात शिरली.

डॉक्टर गाडी सुरू करायला निघाले. चाचांनी त्यांचा हात धरला. "वो जाएगी, तब तक नहीं," म्हणाले. मग आम्ही तिघंही वाळूत बसून राहिलो. ती झुडपाभोवती फिरत होती, थांबून कान लावत होती, पुन्हा आत शिरत होती. ऊन चटके देऊ लागलं तेव्हा ती टेकाडाकडे गेली. तिची खरी पिल्लं तिकडेच होती, तिला गिळता येणार होतं, सगळं चांगलं झालं होतं. तरी चाचा खाली बघत दोरी गुंडाळत राहिले. भोंगा आणायला ते उठले नाहीत, म्हणून मी गेले.

भोंगा आडवा पडला होता. त्याच्या खाली, चहूबाजूंनी, तिने वाळू हातभर खोल उकरली होती. कडेच्या वाळूवर तिच्या गळ्यातलं रक्त होतं, अजून ओलं.