टाकी काय बोलली?

बायकोने माझ्या अँटेनावर मोजे वाळत घातले त्या दिवशी मी दुपारच्या जेवणापर्यंत तिच्याशी बोललो नाही. खरं सांगायचं तर चूक अगदीच तिची नव्हती. पाण्याच्या प्लास्टिक पाइपावर मिस्त्रीच्या मोजायच्या स्टीलच्या टेपचे तुकडे आडवे बसवलेले. कोणालाही वाटेल की हे मोजे वाळवायलाच केलंय. पण त्याच टेपच्या तुकड्यांवर मी डोक्यावरून जाणारे छोटे उपग्रह ऐकत होतो, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून घातले, याचा मला राग.

भिलईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेली माणसं भाजी आणतात, नाहीतर पोरांच्या संसारात नाक खुपसतात. माझ्याकडे हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारीवाल्यांचं, जुनं लायसन्स होतं, मी आकाशात नाक खुपसलं. साथीला जवळच्या बोरसीचा एक दोस्त, रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त. उपग्रह यायच्या आधी त्याची स्कूटर वैशाली नगरात आमच्या दारात हजर. "जयभीम भाऊ, आज कोण येऊन राहिलं वरून?" हा त्याचा प्रश्न, आणि "वहिनी, चहा" ही त्याची मागणी.

पोरगी लहानपणापासून हे सगळं बघत मोठी झाली. पुढे ती दक्षिणेत शिकायला गेली आणि तिथल्या पोरापोरींनी मिळून एक उपग्रह बनवला, डब्बा म्हणा, मिठाईच्या डब्यापेक्षा मोठा नव्हता. त्याच्या अँटेनाचं काम हिच्याकडे. हिने काय केलं, तर बापासारखीच मोजायची टेप कापली, घडी करून नायलॉनच्या दोऱ्याने बांधली. वर गेल्यावर एक तार तापते, दोरा जळतो, टेप ताडकन सरळ होते आणि उपग्रह बोलायला लागतो. मी गल्लीभर सांगत फिरलो की भिलईची टेप अंतराळात चालली. टेप भिलईची नव्हती, पण पोरगी होती ना!

उपग्रह वर गेला आणि गप्प बसला.

पोरीचे फोन छोटे होत गेले. "जेवलीस का?" "हो." "काय म्हणतात तिकडे?" "कुछ नहीं पप्पा, सब ठीक." सगळं ठीक नव्हतं. तिच्या टीममध्ये कुजबूज होती की दोरा जळलाच नाही, अँटेना उघडलीच नाही. म्हणजे सगळ्यांची मेहनत एका गाठीपाशी अडकली, आणि ती गाठ हिने बांधलेली. इकडे बायको स्वयंपाकघरात कणीक मळता मळता थांबली आणि म्हणाली, "मीच तिले पक्क्या गाठी माराले शिकवलं ना. लहानपणी रिबीन सुटे तिची." मी तिला समजावलं की हा दोरा सुटायचा नसतो, जळायचा असतो. तिला ते पटलं नाही. खरं म्हणजे मलाही रात्री ती रिबीनच दिसायची.

जगभरच्या हॅम लोकांना त्या टीमने विनंती केली होती: कान लावा. आम्ही दोघांनी लावले. हा उपग्रह रोज सकाळी साधारण एकाच सुमाराला आमच्यावरून जायचा. आणि एका सकाळी रेडिओतून आलं: टिर्र, टिर्र-टिर्र, टिर्र!

बोरसीवाल्याच्या हातचा चहा सांडला. उपग्रह मोर्समध्ये आपलं नाव सांगणार होता. आवाज तुटक होता, पण मला नावातलं पहिलं अक्षर ऐकू आलं, त्याला शेवटचं. मधलं आम्ही दोघांनी मिळून भरलं. "बॅटरी उतरली असन बिचाऱ्याची," तो म्हणाला, "अर्धवट बोलून राहिला." थोड्या वेळाने आवाज बंद झाला, उपग्रह क्षितिजाखाली जायच्या सुमारालाच. आता आणखी काय पुरावा पाहिजे? मी रेकॉर्डिंग पोरीला पाठवलं आणि उत्तराची वाट न बघता गल्लीत जलेबी वाटली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, मी तर दोन्ही गुडघ्यांना बांधलं.

पोरीचा फोन आला. आवाज अगदी शांत. "पप्पा, ये तो सरक ही नहीं रहा."

मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. न थांबणारी गाडी स्टेशनातून जाते तेव्हा तिच्या शिट्टीचा सूर येताना चढा असतो आणि जाताना उतरतो. उपग्रहाचाही उतरतो, उतरलाच पाहिजे. आमचा आवाज खुंट्याला बांधलेल्या म्हशीसारखा एका जागी उभा होता. आयुष्यभर सिग्नल सांभाळलेला एक आणि प्लांटमध्ये आयुष्यभर मीटर सांभाळलेला दुसरा, दोघांच्या हे लक्षात आलं नव्हतं. आम्हाला ऐकायचंच होतं, म्हणून आलं ऐकू.

"मग हाये कोण हा?" बोरसीवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. आणि रेडिओही मुका. बायको बादली घेऊन गच्चीवर आली, आमचे पडलेले चेहरे बघून म्हणाली, "नळ नाही आले म्हून तुमचा उपग्रह बी रुसला का?"

आम्ही दोघांनी एकदमच टाकीकडे बघितलं.

टाकी भरताना खाली स्वयंपाकघरात आकडे दिसावेत म्हणून मीच मोठ्या हौसेने तिच्यात बिनतारी यंत्र बसवलं होतं. पाणी चढायला लागलं की ते टिर्र करतं, टाकी भरली की गप्प होतं. आमचे नळ सकाळी, उपग्रहही सकाळी. मी जगाला कळवलं होतं ते एवढंच, की आमच्या टाकीत पाणी चढतंय.

जलेबी खाल्लेल्या गल्लीला हे कळायला वेळ लागला नाही. समोरचे शेजारी रोज गच्चीवरून विचारायचे, "क्यों भाईसाहब, टंकी क्या बोली आज?" मी हसायचो. मनात मात्र त्यांच्या जलेबीचा तुकडा न तुकडा परत मागत होतो. पोरीने त्यावर एक हसण्याचं चित्र पाठवलं आणि मग फोन करणंच सोडलं. ते मला फार लागलं.

तरी आम्ही ऐकत राहिलो. ऐकायच्या आधी टाकीच्या यंत्रातले सेल काढायचं काम बायकोने स्वतःकडे घेतलं, आमच्यावर तिचा भरवसा उरला नव्हता. एका सकाळी खाली पाण्याची मोटर चालू, उपग्रह जुनवानीच्या बाजूने यायचा होता, मी अँटेना धरून उभा, बोरसीवाला बटण फिरवत. खरखर. खरखर. आणि मग त्या खरखरीत एक बारीक शिट्टी.

कोणी चहा सांडला नाही. कोणी अक्षर भरलं नाही. शिट्टी थांबत, चालत, हळूहळू उतरत होती. बोरसीवाला बटण मागे मागे घेत तिच्या पाठी चालला होता आणि ओठांनी एकेक अक्षर म्हणत होता. नाव पूर्ण झालं. पुन्हा सुरू झालं.

बायकोने पोरीला फोन लावून रेडिओपाशी धरला. पोरगी हळूच म्हणाली, "पप्पा, टाकी?"

बायकोने दुसरी मूठ उघडली, जणू पोरीला दिसणारच होती. "सेल माह्या हातात हायेत, बाई. तुही गाठ सुटली."

मग पलीकडे रडणं, हसणं आणि मागे पोरांचा आरडाओरडा. इकडे टाकी भरून वाहायला लागली, गच्चीभर पाणी झालं, चपला तरंगल्या, आणि मोटर बंद करायला कोणी हललं नाही.

पाणी खाली पडताना बघून समोरचे शेजारी ओरडले, "अरे भाईसाहब! टंकी कुछ बोली नहीं क्या आज?"

"आज टंकी चुप है," मी ओरडून सांगितलं. "बेटी बोल रही है."