रामलिंगच्या धबधब्यावर काकूनं धरलेला उपास

रामलिंगच्या धबधब्यावर आमच्या घरात एकदा असा काही गोंधळ उडाला होता, की मी अजून त्यातून पुरती बाहेर आलेली नाही. परवा नातीनं तिथं जाऊन व्हिडिओ पाठवला आणि सगळं पुन्हा डोळ्यांपुढं आलं... म्हणून ही पोस्ट. बोलतेय मी, अक्षरं फोन उमटवतोय, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. आम्ही कळंबचे, धान्याचे व्यापारी, लिंगायत. काकाचं नुकतंच लग्न झालं होतं, म्हणून नागपंचमी झाल्यावर काका, नवी गौराकाकू, आजी आणि मी असे रामलिंगच्या दर्शनाला निघालो. आजीला आम्ही अव्वा म्हणायचो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते... आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि पुन्हा कापडात बांधून गळ्यात घालायचं. ज्याचं त्याचं वेगळं, जन्मभराचं. हरवलं तर सापडेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही.

आदल्या रात्री आम्ही जवळच्या येडशी गावात पाहुण्यांकडं उतरलो. सकाळी अव्वा आणि काकूनं शेजारी बसून पूजा केली. काकू लुगडं बदलेपर्यंत अव्वानं दोघींची लिंगं कापडात बांधूनसुद्धा ठेवली. घाईच होती... दिवस बरे नव्हते, रझाकारांच्या बातम्या रोज कानावर यायच्या. उजेड आहे तोवर जंगलातून बाहेर पडायचं, असं काकानं बजावलं होतं.

जंगलातली वाट चिखलाची, वर माकडांचा धुमाकूळ. वाटेत कुठंही पाणी पडताना दिसलं की मी विचारायची, हाच का धबधबा? काका म्हणायचा, पुढं. असं करत करत एकदाचं देऊळ आलं आणि त्याच्या मागं खराखुरा मोठा धबधबा... बोललेलं ऐकू येत नव्हतं इतका आवाज.

गौराकाकू कोरडवाहू गावातली. एवढं पाणी उंचावरून पडताना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. नवी नवरी वगैरे सगळं विसरून ती सरळ त्याच्याखाली जाऊन उभी राहिली आणि लहान पोरीसारखी हसत सुटली. बाहेर आली आणि तिचा हात गळ्याशी गेला. दोरा तुटला होता. लिंग गेलं होतं.

मग जी तारांबळ उडाली! काका धोतर खोचून कुंडात उतरला, दगड उलथेपालथे करायला लागला. देव पाण्यात बुडतो का, असं मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, काठावरून मागं हो.

अव्वाच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. पहिल्याच श्रावणात लिंग घालवणारी सून कुणी पाहिली होती का... हिला आता माहेरीच धाडते, बसू दे तिथं... गावाला तोंड कसं दाखवायचं... काकू एका दगडावर ओलीच बसून राहिली. ती रडत नव्हती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

दुपार कलली. अव्वानं धपाट्यांची फडकी सोडली. मला एक दिलं, स्वतः घेतलं. मी काकूकडं बघत थांबले, तर म्हणाली, "ज्याचं हरवलं त्यानं बसावं उपाशी. तू खा."

मी खाल्लं. शेंगाची चटणी होती, पण मी काकूकडं पाठ करून खाल्लं.

उन्हं तिरपी व्हायला लागली तेव्हा कुठं काकाला दोन दगडांच्या फटीत अडकलेली कापडाची पुरचुंडी सापडली. त्यानं पळत आणून काकूच्या हातात दिली. मला वाटलं, सुटलो! काकूनं कापड सोडलं, लिंग डाव्या तळहातावर घेतलं... आणि तशीच थांबली.

"ह्ये माजं न्हाय," ती म्हणाली.

काकानं कपाळावर हात मारला. या कुंडात दुसऱ्या कुणाचं लिंग येणार? मला तर काहीच उमजेना. देव सापडला, तरी देव हरवलेलाच?

काकूनं वाद घातला नाही. ती अव्वापाशी गेली आणि लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. अव्वाला जवळचं नीट दिसायचं नाही. तिनं अंगठ्यानं ते चाचपलं, मूठ मिटली... दुसरा हात आपल्या गळ्याकडं नेला आणि तिथली पुरचुंडी सोडली. आत काकूचं लिंग होतं.

सकाळी बांधताना अदलाबदल झाली होती. म्हणजे दिवसभर पाण्यात होतं ते अव्वाचं. जिचं हरवलं होतं ती जेवली होती, आणि जिचं हरवलंच नव्हतं ती उपाशी बसली होती.

अव्वानं धपाट्यांच्या फडक्याकडं बघितलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्या जेवले की गं, गौरे."

काकूनं आपलं लिंग कपाळाला लावलं, गळ्यात बांधलं. "तुमच्या वाटचा उपास म्या धरला न्हवं, आत्याबाई," ती म्हणाली.

अव्वानं उरलेल्या धपाट्याचा तुकडा मोडला आणि स्वतःच्या हातानं तिला भरवला. दोघी रडत होत्या, काका अंधार पडेल म्हणून घाई करत होता, आणि मी मधे उभी... नेमकी चुकी कुणाची आणि पुण्य कुणाच्या खात्यावर, हे मला त्या वाटेवर समजलं नाही. खरं सांगायचं तर आजही समजलेलं नाही.

अव्वा पुढं पुष्कळ वर्षं जगली. पण घरात कुणाचं काहीही हरवलं, तरी ती आधी स्वतःचा गळा चाचपायची आणि मगच तोंड उघडायची. मीही तेच करते.