चि. नाशिक वळू

लग्नाच्या लॉन्सवर बारा वर्षं बुकिंग सांभाळलं की किस्से आपोआप साठत जातात. रुसलेले व्याही, चुकून दुसऱ्याच लग्नात जेवून गेलेलं वऱ्हाड, घोड्यावरून खाली उतरायला तयार नसलेला नवरदेव. मला वाटायचं, आपलं आता सगळं बघून झालंय. मग अण्णांनी रग्बीची टीम घेतली आणि एका सीझनमध्ये माझा बारा वर्षांचा साठा फिका पडला. आता कुठेही चार माणसं जमली की लग्नांचं कोणी विचारतच नाही. "ताई, ते वळूंचं सांगा ना," एवढंच.

अण्णा म्हणजे आमचे मालक. गंगापूर रोडला त्यांचं लॉन्स आहे. आषाढापासून कार्तिकापर्यंत मुहूर्त नसतात, लॉन रिकामं पडतं, आणि गवत मात्र नेमकं तेव्हाच वाढतं, हे त्यांचं जुनं दुखणं. राज्यातल्या आठ शहरांची व्यावसायिक रग्बी लीग निघतेय आणि तिचा सीझन याच चार महिन्यांत आहे, असं कळल्यावर ते इतके खूश झाले, की रग्बी म्हणजे काय हे विचारायचं राहूनच गेलं. करारावर सही करून आले आणि मला म्हणाले, "मॅडम, ह्याला बॅट लागते का हो?"

टीमचं नाव ठेवलं 'नाशिक वळू'. मॅनेजर मी, कारण तारखांची वही माझ्याकडे.

*

कोच मिळाले खैरनार सर. सटाण्याकडचे, लष्करात वीस वर्षं काढलेले, रग्बी तिथेच शिकलेले. त्यांनी मला खेळ पाच मिनिटांत समजावला. एका बाजूला तेरा जण. बॉल घेऊन पुढे पळायचं, पण हातातून द्यायचा तो मागच्यालाच, पुढच्याला नाही. सहा वेळा पाडलं की बॉल समोरच्यांचा. आणि शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन बॉल जमिनीला टेकवला की चार गुण. टेकलाच पाहिजे, यावर सरांचा फार जोर.

नाशकात रग्बी खेळणारे तेरा सोडा, तीनही सापडेनात. म्हणून सरांनी कबड्डीवाले गोळा केले. त्यात मनमाडचा बंटी होता. वडील रेल्वेत, आणि हा स्वतःही साधारण डब्याएवढा. पहिल्याच सराव सामन्यात बंटीला बॉल मिळाला. तो सुसाट सुटला, समोरच्या खेळाडूच्या खांद्याला हात लावला, गर्रकन वळला आणि तेवढ्याच वेगाने पळत आपल्या टोकाला परत आला! वर दोन्ही हात उंचावून उभा. समोरचे सगळे जागच्या जागी थांबलेले. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "हाई काय शे?" बंटी म्हणाला, "सर, एक गडी बाद केला."

*

कॅप्टन केला सोपानला. मखमलाबादचा, घरची झेंडूची शेती. त्याचे वडील, नाना, आमच्या लॉन्सला कित्येक वर्षं फुलं देतात. मांडवाची सजावटही तेच करतात. सोपान एकुलता एक, आणि नानांचे गुडघे गेलेले. पोरगा दुसऱ्यांच्या अंगावर उड्या मारून पोट भरणार, ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती.

शेवटी करार माझ्या ऑफिसात झाला, माझ्यासमोर. लीगमध्ये शेवटची येणारी टीम बाहेर पडते. नाना म्हणाले, "ताई, तुम्ही साक्षीला. यंदा ह्यांची टीम टिकली तर खेळू दे, मी परत बोलणार नाय. नाय टिकली तर हा मळ्यात येईल आणि बॉलचं नाव काढणार नाय." सोपानने मान डोलावली. मला तेव्हाच पोराची दया आली, कारण आदल्याच दिवशी मी बंटीला पळताना बघितलं होतं.

*

घरच्या मैदानावरची पहिली मॅच सोलापूरशी. गेटवरच्या बोर्डाची ऑर्डर मी फोनवर दिली. आमचा फ्लेक्सवाला बारा वर्षं माझ्याकडून दोन नावं आणि एक तारीख एवढंच ऐकत आलेला. त्याने बाकीचं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

सकाळी बोर्ड लागला. वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, डावीकडे 'चि. नाशिक वळू', उजवीकडे 'चि. सौ. कां. सोलापूर'. खाली 'आपली उपस्थिती हाच आहेर'.

सोलापूरचा कॅप्टन सहा फुटी गडी. बसमधून उतरून त्या बोर्डापुढे बराच वेळ उभा राहिला. मग माझ्याकडे आला आणि फार शांतपणे म्हणाला, "मॅडम, आम्ही मुलीकडचे का?" मी म्हटलं, अहो नाही, तुम्हाला कपडे बदलायला वरपक्षाची खोली काढलीय, एसी आहे. त्याचं समाधान झालं. लग्नात काय आणि मॅचमध्ये काय, समोरच्याला एसीची खोली दिली की निम्मी भांडणं मिटतात, हा माझा अनुभव आहे.

*

ती मॅच आम्ही जिंकलो. त्यात आमच्या खेळापेक्षा आमच्या केटररचा वाटा मोठा. पाहुणे आलेत म्हटल्यावर त्याने आपणहून पंगत मांडली. मसालेभात, पुऱ्या, बासुंदी, आणि प्रत्येकाला तीन-तीनदा आग्रह. सोलापूरवाले "खेळायचंय हो" म्हणत होते, पण आमचे वाढपी वाढल्याशिवाय हलतच नाहीत. दुपारी मैदानात त्यांचा एकही माणूस वाकू शकत नव्हता.

सोलापूरने लीगकडे तक्रार केली. लीगने पत्र पाठवलं, की सामन्यापूर्वी पाहुण्या संघाला जेवण देऊ नये. मी पत्र फाइलला लावलं. दुसऱ्या दिवशी पुढच्या पाहुण्या टीमच्या मॅनेजरचा फोन आला. मला वाटलं, खात्री करून घेतायत. तो म्हणाला, "मॅडम, पत्राचं आम्हाला कळलं. पण बासुंदी असणार ना?"

*

त्यानंतर आम्ही ओळीने हरत गेलो. काही वेळा समोरचे बरे होते म्हणून, आणि एकदा सत्कारामुळे.

त्या दिवशी मध्यंतरापर्यंत आम्ही चक्क पुढे होतो. अण्णांचा ऊर भरून आला. आलेल्या पाहुण्यांचा छोटासा सत्कार करू म्हणाले. आता आपल्याकडे छोटा सत्कार नावाची गोष्ट नसते. एकाला शाल दिली की शेजारच्याला द्यावी लागते. आमदारांचे मेहुणे झाले, माजी नगरसेवक झाले, गवत कापणारे झाले. निवेदक आमचा लग्नातलाच, प्रत्येकाच्या नावाआधी चार विशेषणं लावणारा. दहा मिनिटांचं मध्यंतर पाऊण तास चाललं. शेवटी रेफरीला फेटा बांधला. तो बंगळुरूचा, त्याला नाही म्हणता आलं नाही.

तोवर आमची पोरं अशी थंड पडली, की बंटीला उठवायला दोघं लागले. दुसऱ्या अर्ध्यात आमची धूळधाण झाली. फेटा बांधलेला रेफरी शिट्टी वाजवत इकडून तिकडे पळतोय आणि शेमला मागे उडतोय, हा फोटो अण्णांनी ऑफिसात लावलाय. खाली स्कोअर लिहिलेला नाही.

*

दसऱ्याची गोष्ट वेगळी. झेंडू तयार, तोडायला मजूर मिळेना, आणि नानांना वाकता येईना. सोपान सरांकडे सुट्टी मागायला आला, पण त्याच दुपारी मॅच. सर म्हणाले, सुट्टी नाही, सगळेच जाऊ. उजाडता उजाडता अख्खी टीम मळ्यात उतरली. मी डबे घेऊन गेले होते.

पोरांनी तोडणी झकास केली. मग भरलेले क्रेट हातोहात टेम्पोपर्यंत पोचवायचे होते. पोरं नेहमीसारखी तिरकी रांग धरून उभी राहिली. टेम्पो समोर, रस्त्याला. आणि चार महिन्यांची सवय अशी, की ज्याच्या हातात क्रेट येई तो मागच्याला देई. अर्ध्या तासाने सगळे क्रेट मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, विहिरीजवळ जमा झाले होते, आणि टेम्पोवाला रिकाम्या टेम्पोला टेकून बघत होता.

नाना बांधावर बसलेले. म्हणाले, "ह्यांना पुढं द्यायला कोणीच शिकवलं नाय का?"

सर म्हणाले, "नाना, देऊ नका हेच तर शिकवतोय."

त्यावर नाना हसले. त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा हसताना बघितलं. पण जाताना मला हळूच म्हणाले, की पोरगा नसला तर हा मळा दोन वर्षंसुद्धा टिकणार नाही. चेष्टा नव्हती ती.

*

शेवटची मॅच नागपूरशी. ते सातवे, आम्ही आठवे. हरणारा लीगबाहेर. ही मॅच खरं तर ऑक्टोबरात व्हायची, पण पावसाने पुढे गेली ती नेमकी तुळशीचं लग्न उरकल्यानंतरच्या पहिल्या तिथीला. त्या दिवशीचं लग्न सहा महिने आधी बुक. गोरज मुहूर्त. मी अण्णांना म्हटलं, एक काहीतरी रद्द करा. अण्णा म्हणाले, "मॅडम, मॅच तीनला, मुहूर्त साडेसहाला. मध्ये किती वेळ आहे!"

तर मैदानाच्या एका टोकाला, गुण मिळवायच्या रेषेपलीकडे, मांडव उभा. त्यात नाना खाली बसून सुई-दोऱ्याने माळा ओवतायत, भोवती झेंडूचे क्रेट. वऱ्हाड लवकर येऊन खुर्च्यांवर बसलेलं आणि दोन्ही टीमसाठी सारख्याच टाळ्या वाजवत होतं. नवरदेवाचे आजोबा तर विचारत होते, की यातला आपला कोणता.

शेवटचं मिनिट आलं तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे होतो. सोपानला बॉल मिळाला. त्याच्या पाठीवर नागपूरचे दोघं लटकलेले, तरी तो ओढत आला, रेषा ओलांडली आणि तिघं मिळून थेट मांडवाच्या खांबावर. अख्खा मांडव फुलांसकट खाली आला. सनईवाल्याला वाटलं मुहूर्त लागला, त्याने सुरू केलं.

रेफरी तोच, फेट्याचा. त्याने फुलं उपसून एकेकाला बाहेर काढलं. सोपान गळ्यात चार माळा अडकून उभा राहिला, हात मोकळे. बॉल कुठेच दिसेना. रेफरीने त्याला विचारलं, बॉल जमिनीला टेकला का? सोपान म्हणाला, माहीत नाही सर, मला काही दिसलंच नाही. आणि त्याचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडे बघितलं. नागपूरचे दोघं म्हणाले, आम्हालाही नाही दिसलं.

तेवढ्यात ढिगाऱ्यातून नाना निघाले, हातात सुई तशीच. बघणारा माणूस तो एकच. खैरनार सर सैनिक माणूस, त्यांनीच सांगून टाकलं, की हे याचे वडील आहेत, साक्ष धरू नका. पण नागपूरचा कॅप्टन पुढे आला. म्हणाला, "धरा. सोपानने सकाळी जेवताना आम्हाला सगळं सांगितलंय. हे हरले की पोरगा घरी जातोय. खोटं बोलायचं म्हटलं तरी काका आमच्या बाजूचंच बोलतील."

रेफरीने हिंदीत विचारलं. नानांनी आधी सोपानकडे बघितलं. सोपान खाली बघत होता. सनई चालूच होती.

"टेकला," नाना म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत टेकला."

शिट्टी वाजली. पुढचं मला धड आठवत नाही. बंटीने सरांना उचललं, अण्णांनी नवरदेवाच्या आजोबांना मिठी मारली. पोरं सोपानला खांद्यावर घेऊन वरपक्षाच्या खोलीकडे गेली.

मुहूर्ताला तासभर राहिला होता. मांडव पुन्हा उभा करायचा होता. मी पदर खोचून नानांबरोबर फुलं गोळा करायला बसले. एक क्रेट उचलायला गेले, वरची फुलं सरकली, आणि आत बॉल दिसला. क्रेटच्या मध्यावर नीट बसलेला, खाली वीतभर झेंडू. जमिनीशी त्याचा संबंधच आला नव्हता.

मी नानांकडे बघितलं. नानांनी दोन ओंजळी फुलं भरून बॉलवर टाकली, क्रेट माझ्या हातातून घेतला आणि मागे सरकवून ठेवला. मग गुडघ्यावर हात देऊन उठता उठता म्हणाले,

"ताई, तुमच्या ओळखीत तोडणीला कोणी माणूस असंल तर सांगा. उद्यापासनं लागंल."