धाकूकाकांनी वाचलेले ओठ

धाकूकाका परब रविवारी तीनचा खेळ बघून यायचे आणि चाळीच्या जिन्यातच निकाल द्यायचे. टोपी काखेत आणि पहिल्या पायरीवरूनच सुरुवात. "पिक्चर बरो आसा. पण खोटो." लालबागच्या आमच्या चाळीत सिनेमाला जाणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ, त्यामुळे ते वर पोचेपर्यंत गॅलरीत दहा-बारा माणसं जमलेली असायची. मी तेव्हा परळच्या एका शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. दिवसभर मुलांना गप्प बसवणारी मी, काकांसमोर मात्र गप्प बसून ऐकायची.

काका गिरणीत साच्यावर होते, म्हणजे कापड विणायच्या मागावर. वीसएक वर्षांच्या त्या खडखडाटात त्यांचे कान अधू झाले होते. साच्यावरची माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात; काकांना ओठ दिसले की आवाजाची गरज नसे. पडद्यावरही त्यांचं लक्ष तिथेच. एका नावाजलेल्या नटीबद्दल ते म्हणाले, "गाणा एकीचा आणि ओठ दुसरीचे. मधे श्वास घेवचो असता, ह्या तिका कोणी सांगलाच नाय." गरिबीवरच्या एका पिक्चरला जे गेले ते सगळे रडून आले होते. काकांचा निकाल वेगळा. "भुकेलो माणूस भाकरीकडे बघता. हो आपलो बायलेकडे बघता. दुपारी पोटभर जेवलेलो दिसता."

कधीकधी त्यांच्याबरोबर वसंता असायचा. तळमजल्यावरच्या शेवंताबाईंचा एकुलता मुलगा, एकोणीस वर्षांचा, गिरणीत बदली कामगार. शेवंताबाई विधवा. काकांची मतं ऐकून वसंता मोठ्याने हसायचा आणि काका त्याचे हसणारे ओठ बघून खूश व्हायचे.

मग मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तापली. नाक्यावर पोलिसांची लॉरी उभी राहू लागली. आधी संध्याकाळपुरती, नंतर सकाळपासून. घराघरांतून बायका पुरुषांना "लवकर ये" म्हणायच्या आणि वळण येईपर्यंत पाठमोरं बघत राहायच्या. एके दिवशी हरताळ पडला. गिरणीचा भोंगा झालाच नाही. इतकी शांतता की समोरच्या चाळीत कुणीतरी तांदूळ पाखडत होतं, ते ऐकू येत होतं.

दुपारी काकांनी गॅलरीतून खाली वाकून हाक मारली. "वसंता, येतंस? थेटर उघडा आसा तर बघू." शेवंताबाई मागच्या बाजूला धुणं धूत होत्या. ती हाक मी ऐकली. त्यांनी नाही.

चार वाजता काका एकटेच परतले. सदऱ्याची पुढची बाजू रक्त सुकून कडक झाली होती. जिन्यात कुणी काही विचारलं नाही. नंतर कळलं ते इतकंच: थिएटर बंद होतं. परत फिरले तर कोपऱ्यावर लॉरी, दगड, आणि मग गोळीबार. वसंता एका बंद दुकानाच्या फळीशी पडला. काकांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

तेराव्यानंतर शेवंताबाई जिना चढून काकांच्या उंबऱ्यात येऊन बसल्या. "भावजी, तुमका ओठ कळतत. काय बोललो तो?"

पडद्यावर मरताना भाषण करणाऱ्या नटांची काकांनी जन्मभर चेष्टा केली होती. आता ते जमिनीकडे बघत म्हणाले, "आई म्हणालो. दोनदा."

शेवंताबाई पुढच्या रविवारी परत आल्या. त्याच्याही पुढच्या. हळू म्हणाला की मोठ्याने? डोळे उघडे होते? काका दर वेळी थोडं अधिक सांगत गेले. त्यांचं सिनेमाला जाणं थांबलं. कुणी नवा पिक्चर लागल्याचं सांगितलं तर म्हणायचे, "तुमीच बघा आणि माका सांगा." जिन्यावर शेवंताबाई दिसल्या की ते भिंतीला पाठ लावून बसायचे.

चळवळीतले दोन कार्यकर्तेही येऊन गेले. वसंता घोषणा देत गेला, असं सभेत सांगाल का, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "नाय. तो तेच्या आईचो." आणि दार लावून घेतलं.

एका रविवारी मी काकांना गावचं पत्र वाचून दाखवत होते. शेवंताबाई आल्या, नेहमीसारख्या उंबऱ्यात बसल्या. पण त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही.

"भावजी, तो माका आई म्हणत नव्हतो. घरात दीर माका वैनी म्हणायचे, ता ऐकान तोही वैनीच म्हणायचो. मोठो झालो तरी."

काकांनी त्यांचे ओठ नीट वाचले होते. तरी पुन्हा विचारलं, "म्हणजे पयल्याच दिवशी तुमका कळला?"

"होय."

"मगे येत कित्याक रवलात?"

"तो तुमच्या मांडीवर गेलो. दुसऱ्या खयच्या घरात जाव मी?"

तेव्हा काकांनी सगळं सांगितलं. वसंताचे ओठ हललेच नव्हते. आणि त्या दुपारी त्याला बाहेर बोलावलं होतं ते काकांनीच. शेवंताबाई माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमका म्हायत होता?"

ती हाक मी ऐकली होती. हातातलं पत्र घडी करत राहिले. त्या उठल्या, भिंतीला धरून जिना उतरल्या, आणि पुन्हा वर आल्या नाहीत. पुढची चार वर्षं आम्ही एकाच चाळीत राहिलो. नळावर काका आले की शेवंताबाई हंडा अर्धा भरलेला उचलून जात. माझ्याशी बोलत, पण गरजेपुरतं.

महाराष्ट्राचं राज्य झालं त्या दिवशी सकाळी लालबागभर ताशे वाजत होते. शेवंताबाई वाटीत साखर घेऊन निघाल्या आणि दारोदार प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर ठेवत वर आल्या. गॅलरीतलं बोलणं एकेक करून थांबलं. काका आपल्या दारात उभे होते, आत जावं की नाही हे न ठरल्यासारखे. शेवंताबाई त्यांच्यापाशी थांबल्या. काकांनी हात पुढे केला. त्या हाताकडेच बघत त्यांनी साखर ठेवली, आणि पुढच्या दाराकडे गेल्या.

काकांची मूठ मिटेना. मी म्हटलं, "काका, तोंडात घाला."

"घालतंय, बाई," ते म्हणाले. "तिका जिनो उतरान जावंदे."