डिस्कखाली दबलेलं वाचन

अंध वाचकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या त्या संस्थेत संगणक सांभाळणाऱ्या बाई मुळातच तापट. पण त्या सकाळी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शिंपीकाका दुकान सुनेवर सोपवून रोज दोन तास वाचायला यायचे. त्यांचं शेवटचं अकरा दिवसांचं वाचन गायब होतं. ते पुन्हा होणंही शक्य नव्हतं, कारण लगेच घशाचं ऑपरेशन झालं आणि काकांचा आवाज कायमचा गेला. व्यवस्थापकांनी निकाल देऊन टाकला होता, "म्हातारा बटण दाबायला विसरला."

आज बाईंना संगणकातली छोटी डिस्क गच्च भरलेली दिसली. तिच्यावर तर काहीच ठेवत नसत. रेकॉर्डिंगं जायची मोठ्या डिस्कवर. संगणक सुरू होताना ती डिस्क 'वाचन' नावाच्या फोल्डरवर माउंट व्हायची, म्हणजे जोडली जायची. वीज गेली त्या दिवशी ती जोडलीच गेली नाही. अकरा दिवस सगळं छोट्या डिस्कवरच्या रिकाम्या फोल्डरात पडत राहिलं. मग कोणीतरी संगणक बंद करून चालू केला आणि मोठी डिस्क वर येऊन बसली. चटईवर सतरंजी अंथरली की चटई दिसत नाही, तसं झालं.

हे होऊ नये म्हणून बाईंनीच सोय केली होती: डिस्क नसेल तर रेकॉर्डिंग सुरूच होऊ द्यायचं नाही, इशारा वाजवायचा. ती सोय कोणीतरी बंद केली होती. पासवर्ड बाईंखेरीज एकाकडेच होता.

"सारखी कोण ती कटकट ऐकणार?" व्यवस्थापक म्हणाले. लाज नाही, शरम नाही.

बाईंनी मोठी डिस्क त्या फोल्डरवरून काढली. खाली अकराच्या अकरा फाइली होत्या.

"मिळालं ना? मग कशाला आकांडतांडव?"

"काकांच्या घरी चला. माफी मागा."

"मला मीटिंग आहे."

बाई दार आपटून एकट्याच निघाल्या.

काकांनी गळ्यावरचा रुमाल सावरत स्वतःचा आवाज ऐकला. पहिली फाइल संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग वहीत लिहिलं, "मी रोज बटण दाबत होतो."

"हो काका. चूक व्यवस्थापकांची. त्यांना मी सोडणार नाही."

काकांनी नकारार्थी मान हलवली आणि खाली लिहिलं, "ते आलेच नव्हते. परवा तुम्ही आला होतात."

बाईंना आठवलं. 'वयानुसार होतं असं, काका,' हे याच खुर्चीत बसून त्या बोलल्या होत्या, डिस्क न तपासता.